पेटी आली का बे? जुन्या टॉकीजातल्या सायन्सच्या पिक्चरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एवढंच म्हटलं होतं की टॉकीजात नाहीतर यात्रेतल्या तंबूत पाहिलेल्या एखाद्या सायन्सच्या पिक्चरबद्दल, म्हणजे उडत्या तबकड्या, रोबोट, गायब होणारा माणूस, डायनासोर, काय वाट्टेल ते, डोक्यात काही अडकून बसलं असेल तर विचारा. पत्रं धडाधड आली. काहींनी प्रश्न न विचारता नुसत्या टॉकीजच्या मालकाला शिव्या घातल्या, त्या छापत नाही. उत्तरं माझ्या वाट्याला आली कारण माझे मामा तालुक्याच्या टॉकीजात ऑपरेटर होते, शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये रिळं उलटी गुंडाळायला जायचो, आणि मजुरी म्हणून केबिनच्या बोटभर काचेतून पिक्चर फुकट.

प्रश्न : भाऊ, मी सातवी-आठवीत असताना अंतराळातल्या लढाईचा एक इंग्रजी पिक्चर पाह्यला होता. त्यातली सगळी माणसं लांबच लांब नि किडकिडीत, डोकी उभट, ग्रहसुद्धा गोल नव्हते, लांबट होते. इतकी वर्षं पोराबाळांना सांगत आलो का ती परग्रहावरची माणसं होती. आता नातवानं मोबाईलवर तोच पिक्चर लावला त माणसं आपल्यासारखीच! पिक्चर बदलला का मी येडा झालो?
(एक वाचक, ता. दर्यापूर)

काकाजी, पिक्चर बदलला नाही नि तुम्हीबी येडे झाले नाही. ऑपरेटरनं लेन्स बदलली नव्हती, बस.

त्याचं असं आहे, तो पिक्चर सिनेमास्कोपचा. स्कोपचं रुंद चित्र ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर मावत नाही म्हणून शूटिंगच्या वेळीच ते आडवं दाबून निम्मं करतात, फिल्मचा तुकडा उजेडात धरला तर त्यातला माणूस लांबुडकाच दिसतो, आणि टॉकीजात प्रोजेक्टरपुढं स्कोपची वेगळी लेन्स लावली की तेच चित्र दुप्पट रुंद होऊन पडद्यावर सरळ येतं. हॉलिवूडमध्ये हे १९५३ ला आलं, आपल्याकडं १९५९ च्या 'कागज के फूल'नं सुरुवात केली. तुम्ही सांगता तो १९७७ चा 'स्टार वॉर्स' असेल तर तोही स्कोपच. आता गोम अशी की पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र दाखवावंच लागायचं, सरकारचा नियम होता तो, आणि ते असायचं साध्या फ्रेमचं. म्हणजे आधी साधी लेन्स, मग समाचार संपला रे संपला की पटकन स्कोपची. केबिनमध्ये माणूस एकटा, एका मशीनचा कार्बन (उजेडासाठी जळणारी कांडी) सरकवायचा आहे, दुसऱ्यावर रीळ चढवायचं आहे, खालून मालक बोंबलतोय, मे महिन्यात केबिनची भट्टी झालेली, विसरतो माणूस.

हिंदी पिक्चर असता तर अर्ध्या मिनिटात पब्लिकनं खुर्च्या बडवल्या असत्या, हिरो असा ताणलेला कोण खपवून घेईल. पण अंतराळाचा पिक्चर म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं असेल की तिकडची माणसं अशीच असतात, कोणी ओरडलंच नाही, आणि ऑपरेटरलाही वाटलं सगळं ठीक चाललंय. उलटं पण व्हायचं बरं का, स्कोपची लेन्स तशीच राहून गेली की दुसऱ्या दिवशी समाचारातले मंत्री आडवे पसरून फीत कापायचे, त्याला मात्र लोक टाळ्या वाजवायचे. तर काकाजी, तुमची आठवण खरी आहे, तुम्हाला दाखवलेला पिक्चरच तसा होता. नातवानं पाहिला तो वेगळा. यातला अस्सल कोणता हे तुमचं तुम्ही ठरवा, माझं मत तुमच्या बाजूला.

प्रश्न : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर मधेच एक गोल ठिपका चमकून जायचा. आम्ही पोट्टे म्हणायचो उडती तबकडी आहे. सायन्सचा पिक्चर नसला तरी दिसायची! काय होतं ते?
(एक वाचक, पुसद)

तबकडीच ती, फक्त ऑपरेटरसाठी पाठवलेली. एक रीळ दोन हजार फुटांचं असलं तर वीस-बावीस मिनिटं चालतं, त्यामुळं टॉकीजात दोन मशीन शेजारी शेजारी असायच्या. रीळ संपत आलं की पहिला ठिपका दिसतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, आणि सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडचा उजेड बंद नि तिकडचा चालू. चांगल्या ऑपरेटरचा बदल कळत पण नव्हता. आमचे मामा दुसऱ्या ठिपक्याला डोळ्याची पापणी लवू द्यायचे नाहीत, मग शो सुटला की तासभर डोळे चोळत बसायचे. तंबूत एकच मशीन, तिथं ठिपक्याचं काही काम नाही, रीळ संपलं की लाईट लागायचे नि फल्लीदाणेवाला आत यायचा.

प्रश्न : कॉलेजला नागपूरला होतो तेव्हा सदरला रविवारी सकाळी एक इंग्रजी पिक्चर पाहिला. सुरुवातीला माकडं, माकडं आणि माकडं. कोणी बोलेचना. लोक शिट्ट्या मारून "आवाज, आवाज" करू लागले. नंतर एक हाड आकाशात उडतं. आम्ही इंटरवललाच उठून तर्री पोहे खायला गेलो. काय होतं ते, आणि पुढं काय झालं?
(एक सेवानिवृत्त शिक्षक, काटोल)

गुरुजी, तुम्ही '२००१ : अ स्पेस ओडिसी' अर्धा सोडून पोहे खाल्ले. पोहे चांगले असतील तर माझी तक्रार नाही.

१९६८ चा पिक्चर, स्टॅन्ली कुब्रिकचा. म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या वर्षभर आधीचा, आणि तरी त्यातलं अंतराळ आजही खोटं वाटत नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं त्यात कोणी एक शब्द बोलत नाही, हे मुद्दाम केलेलं, पण गावोगावच्या ऑपरेटरनं त्यापायी शिव्या खाल्ल्या असणार, कारण आपल्या पब्लिकचा हिशेब साधा, तोंड हलत नाही म्हणजे साउंडचा दिवा गेला. (ते तसं खरंच व्हायचं. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते, तिच्यातून एका बारीक दिव्याचा उजेड आरपार जाऊन आवाज होतो. तो दिवा उडाला की मुका पिक्चर.) ते हाड वर उडतं नि पुढच्याच क्षणी त्याच्या जागी अंतराळात फिरणारं यान दिसतं, लाखो वर्षं एका कटमध्ये उडवली आहेत, माझ्या मते सगळ्या सिनेमात याच्यापेक्षा मोठी उडी कोणी मारली नाही. पुढं एक कॉम्प्युटर माणसांच्या जिवावर उठतो, आणि शेवट काय झाला ते पाहिलेल्यांनाही नीट सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही फार काही गमावलं नाही. कुब्रिकबरोबर हा पिक्चर लिहिणारा आर्थर क्लार्क. नाव लक्षात ठेवा, खाली त्याचं काम पडणार आहे.

प्रश्न : मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी पाहून विसरलेला पिक्चर आमच्याकडं लागायचा. एवढा उशीर काहून व्हायचा?
(एक वाचक, घाटंजी)

कारण पिक्चरवाल्यांच्या वहीत आपण मुंबईत नव्हतोच, आजही नाही. विदर्भ १९५६ ला मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला, सगळं झालं, पण फिल्मच्या धंद्याचा नकाशा इंग्रजांच्या वेळचाच राहिला. त्यात मराठवाडा निजाम सर्किटमध्ये आणि आपण सीपी-बेरार, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या, सर्किटमध्ये. वितरकांची ऑफिसं अमरावतीत, भुसावळात. अमरावतीच्या चौकांची नावं पाहा ना, राजकमल, श्याम, चित्रा, प्रभात, टॉकीजा गेल्या पण ऑटोवाला अजून त्याच नावानं सोडतो. नागपूरच्या व्हरायटी चौकाचंही तेच.

तर आमच्या सर्किटला एखाद्या पिक्चरच्या प्रिंटा यायच्या मोजक्या, इंग्रजीच्या तर त्याहून कमी. आधी नागपूर, अमरावती, अकोला, मग जिल्ह्याची गावं, मग तालुका, आणि सगळ्यात शेवटी यात्रेतला तंबू. रिळांची पत्र्याची पेटी यष्टीच्या टपावरून नाहीतर रेल्वे पार्सलनं यायची. शुक्रवारी स्टँडवर पोट्ट्यांचा एकच प्रश्न, "पेटी आली का बे?" आणि पेटी आली म्हणजे पिक्चर पूर्ण आला असंही नाही. फिल्म जिथं तुटली तिथं दोन्ही बाजूंच्या चार-दोन फ्रेमा कापून चिकटवायची, पंचवीस गावांत तुटली की एखाद्या डायलॉगचं शेपूटच गायब. त्यात ओरखडे. आमच्याकडं त्याला पाऊस म्हणायचे, नवी प्रिंट असेल तर लोक आवर्जून सांगायचे, "अजून पाऊस सुरू नाही झाला, पाहून घे." अंतराळाच्या काळ्या पडद्यावर तो पाऊस जास्तच दिसायचा. मी तर बरीच वर्षं समजत होतो की चंद्रावर सतत भुरभुर चालू असते.

प्रश्न : आम्ही बहिरमच्या यात्रेत तंबूत पिक्चर पाहायचो. बायांची बसायची जागा पडद्याच्या मागच्या बाजूनं होती. मला आठवते तिथं एक रोबोटचा की मशीनच्या माणसाचा पिक्चर, त्यात सगळे डाव्या हातानं बंदूक चालवायचे. माझे मालक म्हणतात मी मनाचं सांगते.
(एक ताई, ता. चांदूर बाजार)

ताई, मालकांना सांगा की तुमचंच बरोबर. तंबूचा पडदा म्हणजे कापड, उजेड आरपार जातो, मागून पाहिलं की चित्र दिसतं पण आरशातलं दिसतं तसं, डावं उजवं होऊन. पाट्या उलट्या, घड्याळ उलटं, उजव्या हाताचा माणूस डावखुरा. मालक बसले असतील समोर, त्यांना काय कळणार. काही तंबूंत बायामाणसांची सोय मागं असायची, काही ठिकाणी मागचं तिकीट स्वस्त म्हणून गडीमाणसंही तिकडंच बसायची, हिंदी पिक्चरमध्ये नावं उलटी आल्यानं कोणाचं काही अडत नव्हतं.

बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत, सातपुड्याच्या पायथ्याशी, थंडी अशी की हंडीतलं मटण नि रोडगे खाऊन लोक घोंगडी पांघरून तंबूत शिरायचे आणि अर्धे पहिल्याच रिळात घोरायला लागायचे. जे जागे असायचे त्यांच्यासाठी मात्र सायन्सचा पिक्चर म्हणजे सोपं काम होतं, भाषा येवो न येवो. मशीनचा माणूस मरत नाही, जळतो, पुन्हा उठतो, हे समजायला इंग्रजी कशाला लागतं? आपल्याकडं रावणाची दहा तोंडं नि रक्तबीज ऐकून मोठी झालेली माणसं, त्यांना नवल वाटायचं ते भलत्याच गोष्टीचं. एक आजी इंटरवलला विचारत होती, "त्याले चाबी कोन देते जी?" टर्मिनेटर बनवणाऱ्यांना हा प्रश्न पडला का नाही माहीत नाही, मला तरी पटला.

प्रश्न : 'ज्युरासिक पार्क' आमच्या वरोऱ्याकडं आला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो, वडिलांनी कापूस विकून आल्यावर दाखवला. रात्रभर झोप नाही. नंतर कोणीतरी बोललं की आपल्या तालुक्यातच डायनासोरची हाडं सापडतात. खरं का पुडी?
(एक कास्तकार, ता. वरोरा)

शंभर टक्के खरं, आणि मला राग येतो तो याचाच की तेव्हा टॉकीजाबाहेर कोणी एक बोर्डसुद्धा लावला नाही.

तुमच्या तालुक्यातलं पिजदुरा, काही जण पिसदुरा लिहितात, हे गाव जगभरच्या डायनासोरवाल्यांना ठाऊक आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप पाद्रींच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तिथली हाडं लोक गोळा करत आलेत. ती हाडं टायटॅनोसॉरची, लांब मानेचा, अवाढव्य, पण पाला खाणारा. पिक्चरमध्ये झाडाचा शेंडा ओरबाडणारा तो पहिला उंच प्राणी दिसतो ना, ढोबळ मानानं त्या गटातला समजा.

पण पिजदुऱ्याची खरी कीर्ती हाडांपेक्षा शेणामुळं. हसू नका. पिक्चरमध्ये आजारी ट्रायसेराटॉप्सच्या शेणाचा तो भला मोठा ढीग येतो, तेव्हा आमच्या टॉकीजात एवढा हशा व्हायचा की पुढचे दोन डायलॉग ऐकूच यायचे नाहीत. पिजदुऱ्याला तसल्याच शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात गवताचे अतिसूक्ष्म कण निघाले. तोवर समज होता की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, ते नंतर आलं. म्हणजे वरोऱ्याच्या वावरातल्या शेणानं जगातली पुस्तकं बदलली, आणि आपण तिकीट काढून अमेरिकेच्या शेणावर हसत होतो.

अजून एक. पिक्चरचं नाव ज्युरासिक, पण त्यातला मुख्य राक्षस, टी-रेक्स, ज्युरासिक काळातला नाहीच, तो त्याच्या नंतरच्या क्रिटेशियसच्या अगदी शेवटचा. पिजदुऱ्याचे आपले प्राणीही क्रिटेशियसच्या शेवटाचेच. मग दख्खनचा लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला, दगडाची काळी माती झाली, आणि त्या मातीतला कापूस विकून तुमच्या वडिलांनी तिकीट काढलं. मला हा हिशेब फार आवडतो. बाकी ते स्वयंपाकघरात पोरांच्या मागं लागणारे व्हेलोसिरॅप्टर खरे पाहिले तर टर्की कोंबड्याएवढे होते, आपल्या आजीनं खराट्यानं हाकलले असते. आणि टी-रेक्सची डरकाळी हत्तीचं पिल्लू, मगर नि वाघ यांचे आवाज मिसळून केलेली आहे, त्यामुळं ताडोब्याच्या बाजूची माणसं इतरांपेक्षा जास्त घाबरली असतील तर त्यात नवल नाही. आवाजाची डीटीएस म्हणून जी नवी पद्धत होती ती याच पिक्चरपासून आली, आवाज वेगळ्या सीडीवर आणि फिल्मवर नुसत्या खुणा. आपल्याकडच्या टॉकीजाला ते मशीन कुठलं, आपण तो पडद्यामागच्या जुन्या भोंग्यावर ऐकला नि तरी झोप उडाली. अमेरिकेत पिक्चर १९९३ चा, आपल्याकडं हिंदीत डब होऊन १९९४ ला आला, आणि इंग्रजी पिक्चर हिंदीत बोलवला तर तालुक्यातसुद्धा हाउसफुल होतो हे धंदेवाल्यांना त्यानंच पटवलं.

एक विनंती, पिजदुऱ्याला गेलात तर पाहा, फोटो काढा, गोळे खिशात घालून आणू नका.

प्रश्न : 'मिस्टर इंडिया' पाहून आल्यावर आम्ही लाल कागदातून सगळीकडं पाहायचो. कोणीच दिसलं नाही.
(एक वाचक, आर्वी)

म्हणजे तेव्हा कोणी गायब झालेलं नव्हतं, समाधान माना. १९८७ च्या उन्हाळ्यानंतर लाल जिलेटीनचा कागद दुकानात टिकेना. पिक्चरमध्ये गायब माणूस लाल उजेडात दिसायचा, म्हणजे नियम उजेडाचा होता, कागदाचा नव्हता, पण एवढा बारीक विचार तेव्हा कोण करतो. गायब माणसाचा धंदा मात्र जुना, १९६४ ला 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'मध्ये किशोरकुमार गायब होऊन गेलेला होता, आणि १९६७ ला दारासिंग 'चाँद पर चढाई'त खऱ्या चांद्रवीरांच्या दोन वर्षं आधी चंद्रावर कुस्ती खेळून आला. त्या पिक्चरला नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत.

प्रश्न : २०२२ च्या पाडव्याला आमच्या भागात आकाशातून लोखंडी रिंग पडली तेव्हा आमचे आबाजी बिलकूल घाबरले नाहीत. म्हणे, "हे आमी पाह्यलं हाये." पिक्चरमध्ये पाहिलं का असं विचारलं तर म्हणतात नाही, स्कायलॅब. हे काय प्रकरण?
(एक विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही)

बाई, तुझे आबाजी जाणकार आहेत, त्यांच्याकडून अजून काढून घे.

तुला माहीत आहेच, २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आभाळात जळते पट्टे दिसले आणि लाडबोरीत माणसाहून मोठी धातूची रिंग पडली, आजूबाजूच्या गावांत गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असं जाणकारांनी सांगितलं. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, सुमारे ७७ टनांची, ती ११ जुलै १९७९ ला खाली आली आणि कुठं पडेल हे कोणालाच नक्की सांगता येईना. आपल्या गावांत त्या आठवड्यात काय चाललं ते म्हाताऱ्यांना विचारा, कोणी कर्ज काढून बकरं कापलं, कोणी उधारी वसूल करायचं सोडलं, कोणी पेरणी अर्धी ठेवली. शेवटी तुकडे पडले हिंद महासागरात नि पश्चिम ऑस्ट्रेलियात, तिथल्या एस्परन्स गावानं तर नासाला कचरा टाकला म्हणून ४०० डॉलरचा दंड ठोकला. आपली एखादी ग्रामपंचायत असती तर पाणीपट्टीही जोडून पाठवली असती.

असं आहे बघ, आकाशातून काही पडणं हे विदर्भाला पिक्चरनं शिकवलेलं नाही. बुलढाण्यात लोणारला जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा उल्केनंच केलाय. तरी टॉकीजात तबकडी उतरली की सगळे हात डोक्यावर घ्यायचे, तुझे आबाजी पण घेत असणार, खात्री करून कळव.

प्रश्न : तबकडीच्या एका इंग्रजी पिक्चरमध्ये आपल्याकडची माणसं आहेत असं ऐकलं. अफवा?
(एक वाचक, यवतमाळ)

अफवा नाही. स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड', १९७७. त्यात शेकडो लोक जमिनीवर बसून एक सूर गात असतात, तो सूर कुठून आला असं विचारल्यावर सगळे एकदम बोट वर आभाळाकडं करतात. पडद्यावर ते उत्तरेतलं धरमशाला म्हणून दाखवलंय, शूटिंग मात्र रायगड जिल्ह्यात खालापूरजवळच्या हाळ गावचं. विचारणारा शास्त्रज्ञ म्हणजे फ्रान्सचा मोठा दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो. त्या गर्दीतली माणसं आपल्या गावची वाटतात कारण ती खरंच गावची आहेत, अंगावरचे कपडे नि बसायची ढब पाहा. एवढे बोटं वर होतात तो एक शॉट माझ्या मते पुढच्या सगळ्या दिव्यांच्या तबकडीपेक्षा भारी आहे.

प्रश्न : तुम्ही सगळे मोठे लोक नुसतं जुनं जुनं करता. पाऊस पडलेली प्रिंट, तुटलेल्या खुर्च्या, ढेकूण. आम्ही मोबाईलवर तेच पिक्चर स्वच्छ पाहतो. जास्त काय होतं तुमच्यात?
(एक तरुण, वणी)

ढेकूण जास्त होते, ते मान्य. खुर्चीत खिळा पण असायचा. तुझा पिक्चर आमच्यापेक्षा चांगला आहे, आवाज चांगला आहे, आणि मधेच कोणी बिडी ओढत नाही. मी भांडणार नाही.

फक्त एक सांगतो. तुझ्या मोबाईलवर जे उतरतं ते आमच्याही टॉकीजात नंतर उतरायला लागलं. २००५ च्या आगेमागे आपल्याकडं उपग्रहावरून पिक्चर टॉकीजात पाठवायची सोय सुरू झाली, गच्चीवर छत्री आली, पेटी बंद झाली, मामांची दोन्ही मशीन बंद झाली. आता वर क्लार्कचं नाव सांगितलं होतं ते काढ. उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबर एकाच जागी टांगल्यासारखा ठेवला तर तीन उपग्रहांत जगभर संदेश पोचवता येतील, हे त्यानं १९४५ ला लेख लिहून मांडलं होतं. त्यालाच पुढं माकडांचा तो पिक्चर लिहायचा होता, गुरुजी पोहे खायला गेले तो. म्हणजे आमच्या पडद्यावर गोष्ट सांगणाऱ्यानंच आमची पेटी बंद पाडली. माझा राग नाही, उलट पिक्चर नागपूरला नि घाटंजीला एकाच शुक्रवारी लागायला लागला, हे मुंबईवाल्यांना नि कोणत्याच सरकारला करता आलं नव्हतं. पण अडीचशे माणसं एकदम घाबरतात तेव्हा होणारा आवाज तुझ्या हेडफोनमध्ये नाही, तो कधी गावला तर कळव.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजोबांच्या फिरत्या टॉकीजचं मशीन नि रिळांच्या काही पेट्या पडून आहेत. पेटी उघडली तर आंबट वास येतो. भंगारवाला रोज चक्कर मारतो. काय करू?
(एक वाचक, ता. मोर्शी)

भंगारवाल्याला थांबवा आधी. आंबट वास म्हणजे फिल्म सडायला लागली, ॲसिटेटची फिल्म उष्णतेनं नि दमटपणानं अशीच सुटते आणि तो वास शेजारच्या चांगल्या रिळालाही लागतो, म्हणून वासाची रिळं वेगळी काढा. सगळी पत्र्याच्या छपराखालून हलवा, घरातली सगळ्यात थंड कोरडी खोली बघा, आपल्या मे महिन्यात ते कठीण आहे पण तुरीच्या पोत्यांशेजारी नको. पाण्यानं धुवायचं नाही, रॉकेलनं पुसायचं नाही, उन्हात तर अजिबात ठेवायचं नाही. एखादं रीळ १९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल तर ते नायट्रेटचं असू शकतं, ते भडाभडा पेटतं, त्याच्याजवळ बिडी-काडी नेऊ नका आणि ते मशीनवर चढवून बघायची हौस करू नका.

मग प्रत्येक पेटीवर काय लिहिलंय, रिळांचे नंबर काय आहेत, हे वहीत उतरवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा, १९६४ पासून ते हेच काम करतात, पोस्टर नि हँडबिलं असतील तर तीही त्यांना सांगा. मशीन कोणाला द्यायचं नसेल तर राहू द्या, तेलाचा हात द्या, आणि पेटीत तळाशी कागदात गुंडाळलेलं जाड काचेचं नळकांडं सापडलं तर ते फेकू नका, ती स्कोपची लेन्स असेल. दर्यापूरच्या काकाजींना दाखवायला मला ती पाहिजे.